हालचाल टिपणारा कॅमेरा आणि ड्रायव्हरची सुसंगतता: प्रकल्प हाती घेण्यापूर्वीची पडताळणी

हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर सॉफ्टवेअर लिहायचे ठरले, की बहुतेक जण आधी कॅमेरा मिळवतात, मग तो संगणकाला जोडतात आणि ड्रायव्हरचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला त्या यंत्राशी बोलता यावे म्हणून लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विचार कॅमेरा चालला नाही तरच करतात. हा क्रम उलटा करावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. हे कॅमेरे दहा-बारा वर्षे धडधाकट राहतात. पण ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्यांचा ड्रायव्हर लिहिला गेला ती बदलते, उत्पादक ते मॉडेल बंद करतो, आणि चांगले चालणारे यंत्र केवळ त्याच्याशी बोलणारे सॉफ्टवेअर उरले नाही म्हणून कपाटात पडते. त्यामुळे कॅमेरा निवडताना त्याच्या भिंगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या ड्रायव्हरकडे पाहावे लागते.

इंदुरात एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा देवी अहिल्या विश्वविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेली मुले या विषयाकडे बहुधा एकाच वाटेने येतात. कोणाच्या तरी घरी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्राचा जुना किनेक्ट, म्हणजे खेळणाऱ्याची हालचाल टिपणारा कॅमेरा, पडलेला असतो, किंवा आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी करता करता तो स्वस्तात मिळून जातो, आणि त्यावर काही तरी उपयोगाचे करावे अशी इच्छा होते. पुढच्या विवेचनासाठी मी असाच एक प्रकल्प डोळ्यांसमोर ठेवला आहे: समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचे सूर्यनमस्कार मोजणारे आणि प्रत्येक स्थितीत कोपर, कंबर, गुडघा यांचा कोन दाखवणारे सॉफ्टवेअर. व्यायामशाळेत चालण्याजोगा हा प्रकल्प आहे आणि अशा कॅमेऱ्याची ताकद व मर्यादा दोन्ही त्यात उघड होतात.

हातात नेमके काय आहे

"किनेक्ट" या एकाच नावाखाली एकमेकांशी अजिबात न जुळणारी तीन वेगळी यंत्रे येतात, आणि एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे यंत्र उलटे करून तळाच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक वाचणे.

पहिल्या पिढीचा किनेक्ट २०१० च्या नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्स ३६० साठी आला. त्याच्या पट्टीवर १४१४ किंवा १४७३ हा क्रमांक असतो. २०१२ मध्ये खास संगणकासाठी निघालेल्या आवृत्तीवर १५१७ असतो. हा कॅमेरा समोरच्या दृश्यावर अवरक्त ठिपक्यांची नक्षी टाकतो आणि ती कुठे किती सरकली यावरून अंतर काढतो. त्याची अंतर-प्रतिमा, म्हणजे प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे ते सांगणारी प्रतिमा, ६४० बाय ४८० बिंदूंची, सेकंदाला ३० चौकटींची असते आणि त्याला यूएसबी २.० पुरते. दुसऱ्या पिढीचा किनेक्ट २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनबरोबर आला. तो प्रकाशाला जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजतो, अंतर-प्रतिमा ५१२ बाय ४२४ आणि रंगीत प्रतिमा १९२० बाय १०८० बिंदूंची देतो, आणि त्याला यूएसबी ३.० लागतेच. तिसरा म्हणजे २०१९ मध्ये विक्रीस आलेला अझूर किनेक्ट डीके. त्याचे उत्पादन २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये थांबले.

या तिघांच्या बाहेर रिअलसेन्सची डी४१५, डी४३५, डी४५५ ही मॉडेले आहेत, ऑर्बेक या कंपनीचे कॅमेरे आहेत, आणि केवळ हाताची बोटे टिपणारा, २०१३ पासून चालत आलेला लीप मोशन आहे. सूर्यनमस्कारासाठी शेवटचा उपयोगाचा नाही. त्याची नजर टेबलावरच्या हातांपुरती असते.

वीज आणि पोर्ट

ड्रायव्हरची म्हणून सांगितली जाणारी निम्मी गाऱ्हाणी प्रत्यक्षात विजेची आणि पोर्टची असतात, म्हणून इथे घाई करू नये.

एक्सबॉक्ससाठीच्या पहिल्या किनेक्टची वायर साध्या यूएसबी पोर्टमध्ये बसत नाही. त्याला दोन फाटे असलेला अडॅप्टर लागतो: एक फाटा संगणकाच्या यूएसबीला जातो आणि दुसरा भिंतीवरच्या सॉकेटमधून १२ व्होल्ट घेतो. १२ व्होल्टचा फाटा सैल असेल किंवा अडॅप्टर बिघडलेला असेल, तर मोठी फसगत होते, कारण १४१४ मॉडेलमध्ये कॅमेरा मान वरखाली करणारी मोटर यूएसबीच्या विजेवरही संगणकाला दिसते. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची यादी, उघडल्यावर मोटरची नोंद आहे, पण कॅमेरा आणि ध्वनी यांच्या नोंदी नाहीत, असे चित्र दिसले तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये. अडॅप्टर बदलून पाहावा. लिनक्सवर हीच तपासणी एलएसयूएसबी या आज्ञेने होते: मायक्रोसॉफ्टच्या ०४५ई या क्रमांकाखाली मोटर, ध्वनी आणि कॅमेरा अशा तीन वेगवेगळ्या ओळी दिसायला हव्यात.

हा कॅमेरा यूएसबी २.० ची निम्म्याहून अधिक क्षमता एकटाच घेतो. त्यामुळे तो हबमधून जोडू नये, आणि त्याच कंट्रोलरवर, म्हणजे यूएसबी पोर्टे सांभाळणाऱ्या त्याच चिपवर, वेबकॅम किंवा दुसरा किनेक्ट ठेवू नये. दोन किनेक्ट वापरायचेच असतील तर संगणकात दोन स्वतंत्र यूएसबी कंट्रोलर असले पाहिजेत. एकाच कंट्रोलरची दोन पोर्टे म्हणजे दोन कंट्रोलर नव्हेत.

दुसऱ्या पिढीच्या किनेक्टला तर पोर्टच्या मागची चिप कोणाची आहे यानेही फरक पडतो. इंटेल आणि रेनेसास यांच्या यूएसबी ३.० कंट्रोलरवर तो नीट चालतो. एएसमीडियाच्या कंट्रोलरवर तो बहुधा रुसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी कंट्रोलरांच्या यादीत, किंवा लिनक्सवर एलएसपीसीआय या आज्ञेने, हे नाव दोन मिनिटांत वाचता येते. दुकानातून जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपवर आणखी एक गोष्ट पाहावी: कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची निळी पोर्टे आत एका लांब वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात आणि ती वायर पुष्कळदा हलक्या प्रतीची असते, म्हणून कॅमेरा मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्येच लावावा. लॅपटॉपमध्ये योग्य चिप नसेल तर इलाज नसतो. डेस्कटॉपमध्ये मात्र रेनेसासची चिप असलेले पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसवून मार्ग काढता येतो. दुकानदाराकडे कार्ड मागताना "यूएसबी ३.० कार्ड द्या" एवढेच म्हणणे पुरत नाही, खोका उघडून चिपवरचे नाव वाचावे.

रिअलसेन्सबाबत केबल हा असाच दुबळा दुवा आहे. मोबाइल चार्ज करण्याची टाइप-सी केबल लावली तरी कॅमेरा सुरू होतो, पण रिअलसेन्स व्ह्यूअरमध्ये त्याच्या नावाशेजारी यूएसबी २.१ अशी नोंद दिसते आणि मोठ्या आकाराच्या, जलद गतीच्या प्रतिमा यादीतून गायब झालेल्या असतात. सोबत आलेली केबल लावल्यावर तिथे ३.२ दिसले पाहिजे.

एका यंत्राला एकच ड्रायव्हर

किनेक्टशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते एकाच वेळी वापरता येत नाहीत. पहिला मार्ग मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या एसडीकेचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीच्या साधनसंचाचा: पहिल्या पिढीसाठी आवृत्ती १.८, दुसऱ्या पिढीसाठी आवृत्ती २.०. दुसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा: पहिल्या पिढीसाठी लिबफ्रीनेक्ट आणि दुसऱ्या पिढीसाठी लिबफ्रीनेक्ट२. २०१० मध्ये किनेक्ट बाजारात येताच त्याचा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यासाठी अ‍ॅडाफ्रूट या कंपनीने बक्षीस लावले आणि हेक्टर मार्टिन यांनी काही दिवसांतच ते मिळवले; लिबफ्रीनेक्टची परंपरा तिथून सुरू होते. आज लिनक्सवर किंवा मॅकवर जुना किनेक्ट चालतो तो या लोकांच्या श्रमामुळे, कारण मायक्रोसॉफ्टची ही दोन्ही एसडीके फक्त विंडोजपुरती आहेत.

विंडोजवर लिबफ्रीनेक्ट२ वापरायचे असेल तर झाडिग या साधनाने कॅमेऱ्याला लिबयूएसबीके हा ड्रायव्हर द्यावा लागतो. तिथे यादीत "एक्सबॉक्स एनयूआय सेन्सर" ची कॉम्पोझिट पेरेंट ही नोंद निवडावी; तिच्यासारखीच दिसणारी अडॅप्टरची नोंद चुकूनही निवडू नये. हे केल्यावर मायक्रोसॉफ्टच्या एसडीकेला कॅमेरा दिसेनासा होतो, आणि ते बरोबरच आहे, कारण यंत्राची मालकी आता दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेलेली असते. परत यायचे असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून यंत्र काढताना ड्रायव्हरचे सॉफ्टवेअरही पुसण्याच्या पर्यायावर खूण करावी आणि मूळ ड्रायव्हर पुन्हा लागू होईपर्यंत ही कृती करत राहावी. प्रयोगशाळेतला एकच संगणक दोन गट वापरत असतील आणि एक गट एसडीकेवर, दुसरा लिबफ्रीनेक्ट२ वर काम करत असेल, तर दोघांचेही काम रोज बिघडणार हे निश्चित आहे. त्यांनी आधी बसून एक मार्ग ठरवावा.

लिनक्सवर अशीच स्पर्धा कर्नलशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, होते. पहिल्या पिढीचा किनेक्ट जोडला की कर्नलमधले जीएसपीसीए किनेक्ट हे मॉड्यूल त्याला साधा व्हिडिओ कॅमेरा समजून ताब्यात घेते आणि लिबफ्रीनेक्टला तो उघडता येत नाही. ते मॉड्यूल काढून टाकावे आणि पुन्हा आपोआप चढू नये म्हणून काळ्या यादीत घालावे. त्यानंतरही प्रोग्रॅम केवळ रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालत असेल तर परवानगीचा प्रश्न आहे. प्रत्येक ग्रंथालयाबरोबर, म्हणजे लिबफ्रीनेक्टसारख्या तयार फंक्शनांच्या संचाबरोबर, यंत्रांच्या परवानग्या ठरवणाऱ्या यूडेव्हच्या नियमांची फाइल येते, ती जागेवर ठेवून कॅमेरा एकदा काढून पुन्हा जोडावा. सतत सुडो (सर्वाधिकाराने चालवण्याची आज्ञा) लावून काम रेटणे मला योग्य वाटत नाही, कारण ती सवय प्रकल्प दुसऱ्याच्या संगणकावर नेताना महाग पडते.

विंडोज १० आणि ११ वर

एसडीके १.८ हे २०१३ चे आणि २.० हे २०१४ चे, म्हणजे दोन्ही विंडोज १० च्या आधीची. तरीही ती नव्या विंडोजवर चालवता येतात. काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. एसडीके टाकताना कॅमेरा जोडलेला नसावा. आधी सॉफ्टवेअर पूर्ण बसू द्यावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच कॅमेरा जोडावा. दुसऱ्या पिढीचा किनेक्ट दर काही सेकंदांनी बंद-चालू होत राहिला, तर सेटिंग्जमधील प्रायव्हसीच्या भागात जाऊन कॅमेरा आणि मायक्रोफोन या दोन्हींना डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठी परवानगी आहे का ते पाहावे. प्रतिमेच्या कामात मायक्रोफोनचा काय संबंध, असे वाटून ही पायरी हमखास गाळली जाते. पण किनेक्टमध्ये मायक्रोफोनची रांग अंगभूत असते आणि ती अडवली गेली की सगळे यंत्रच अडते. विंडोज ११ मधील मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा-सोयही जुन्या ड्रायव्हरला रोखू शकते, म्हणून ड्रायव्हर चढतच नसेल तर तिथे विसंगत ड्रायव्हरांची यादी दिसते का ते बघावे.

एसडीके १.८ ची एक अट फार कमी जणांना माहीत असते. एक्सबॉक्स ३६० चा किनेक्ट फक्त एसडीके बसवलेल्या संगणकावर, म्हणजे विकासाच्या कामासाठी, चालतो. ज्या संगणकावर केवळ रनटाइम, म्हणजे तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरता भाग, आहे तिथे तो नाकारला जातो. तिथे १५१७ हेच मॉडेल चालते. घरी व्यवस्थित चाललेला प्रकल्प महाविद्यालयात सादरीकरणाच्या वेळी बंद पडण्याचे हे एक ठरलेले कारण आहे. सादरीकरणाच्या संगणकावरही पूर्ण एसडीके बसवावे, किंवा सरळ स्वतःचाच संगणक न्यावा.

आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या दुसऱ्या संगणकात, दुसऱ्या पिढीचा किनेक्ट चालवण्याचा खटाटोप करू नये. ज्या प्रकारे तो यूएसबीवरून माहिती पाठवतो, तो प्रकार आभासी यंत्रांना पेलत नाही.

भाषेचा थर

ड्रायव्हर चालला, एसडीकेबरोबर आलेले नमुना-प्रोग्रॅम चालले, आणि तरी आपला प्रोग्रॅम चालत नाही, अशी अवस्था आली की दोष बहुधा मधल्या थरात असतो. सी शार्प किंवा सी प्लस प्लस वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण एसडीके त्यांच्यासाठीच लिहिलेले आहे. आपली मुले मात्र पायथॉनवर वाढलेली असतात आणि तिथे पायकिनेक्ट२ हे ग्रंथालय वापरतात. ते बराच काळ सुधारले गेलेले नाही. त्यात टाइम मॉड्यूलमधील क्लॉक हे फंक्शन वापरलेले आहे आणि पायथॉन ३.८ पासून ते फंक्शनच काढून टाकलेले आहे. शिवाय रचनेचा आकार तपासणारी एक ओळ ६४ बिटी पायथॉनवर चूक दाखवून थांबते. दोन्हींवर उपाय आहेत: क्लॉकच्या जागी परफ काउंटर वापरावे आणि आकाराची ओळ दुरुस्त करावी. पण हे बदल ग्रंथालयाच्या स्थापित प्रतीत करून विसरून जाण्याऐवजी सुधारलेली फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवावी, म्हणजे सोबत्याच्या संगणकावर तोच दोष पुन्हा शोधावा लागणार नाही.

बिटांचाही मेळ बसला पाहिजे. ३२ बिटी प्रोग्रॅम ६४ बिटी डीएलएल (विंडोजवरची ग्रंथालयाची फाइल) उघडू शकत नाही, आणि अशा वेळी येणारा संदेश "फाइल सापडली नाही" असा दिशाभूल करणारा असू शकतो. फाइल डोळ्यांसमोर असूनही असा संदेश आला, तर पहिला संशय बिटांवर घ्यावा.

खालून वर तपासत जाणे

चाचणी नेहमी खालच्या थरापासून करावी आणि एक थर पक्का झाल्याशिवाय वर चढू नये. आधी ऑपरेटिंग सिस्टिमला यंत्र दिसते का. मग उत्पादकाच्या स्वतःच्या दर्शकात, म्हणजे किनेक्ट स्टुडिओ, अझूर किनेक्ट व्ह्यूअर किंवा रिअलसेन्स व्ह्यूअर यांत, अंतर-प्रतिमा सलग दहा-पंधरा मिनिटे न तुटता येते का. मग आपल्या भाषेत लिहिलेल्या, केवळ अंतर-प्रतिमा आणि सेकंदाला किती चौकटी येतात ते दाखवणाऱ्या वीस-पंचवीस ओळींच्या प्रोग्रॅममध्ये तेच आकडे मिळतात का. आणि त्यानंतरच सांधे ओळखण्याचे काम. तिसऱ्या पायरीवर रंगीत प्रतिमाही सोबत घेत असाल आणि ३० ऐवजी १५ चौकटी दिसल्या तर आधी खोलीतला उजेड पाहावा, कारण दुसऱ्या पिढीचा किनेक्ट कमी उजेडात रंगीत प्रतिमेची गती आपणहून निम्मी करतो. तो ड्रायव्हरचा दोष नव्हे.

उजेड जास्त झाला तरी अडचण येते. अवरक्त किरण सूर्यप्रकाशातही भरपूर असतात, आणि पहिल्या पिढीच्या किनेक्टची ठिपक्यांची नक्षी त्यांत बुडून जाते. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडे खिडकी असलेल्या खोलीत दुपारी अंतर-प्रतिमेत मोठी काळी भोके पडतात आणि संध्याकाळी तीच प्रतिमा भरून येते. अशा वेळी ड्रायव्हर उलटापालटा करण्याआधी जाड पडदा ओढावा. काळे, प्रकाश शोषणारे कपडेही अशीच भोके पाडतात.

सूर्यनमस्काराकडे येऊ. पहिली पिढी २० सांधे देते, दुसरी २५, अझूर किनेक्ट ३२. प्रणामासन, हस्तोत्तानासन यांसारख्या उभ्या स्थितींत तिन्ही पिढ्या समाधानकारक कोन देतात. पण साष्टांग नमस्काराच्या स्थितीत शरीर जमिनीला लागते आणि सांगाडा विस्कटतो, कारण ही ओळख मुख्यतः उभ्या वा बसलेल्या माणसासाठी घडवलेली आहे. ही मर्यादा ड्रायव्हर बदलून जाणार नाही. तिथे सांध्यांवर विसंबण्याऐवजी अंतर-प्रतिमेतून शरीराची जमिनीपासूनची उंची थेट मोजावी, आणि कॅमेरा समोर न ठेवता बाजूला, साधारण अडीच-तीन मीटरवर ठेवावा.

आज नव्याने घ्यायचा असेल तर

घरात पडलेला पहिला किनेक्ट शिकण्यासाठी उत्तम आहे आणि त्यावर पैसे न घालता बरेच काही शिकता येते. पण नव्याने पैसे घालून दुसऱ्या पिढीचा किनेक्ट घ्यावा असे मला वाटत नाही. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले आणि संगणकाला जोडण्याचा मूळ अडॅप्टर त्यानंतर थोड्याच काळात बंद झाला. अझूर किनेक्टसाठी लिहिलेला प्रोग्रॅम पुढे चालवायचा असेल तर ऑर्बेकचा फेम्टो बोल्ट विचारात घ्यावा: त्यात अंतर मोजण्याचे तेच तंत्र आहे आणि जुने आदेश नव्या यंत्राकडे पोहोचवणारा थर ऑर्बेकने दिला आहे. लिनक्सवर काम असेल तर रिअलसेन्स सोयीचा, कारण त्याचे लिबरिअलसेन्स हे ग्रंथालय खुले आहे. मात्र कर्नल वरचेवर बदलत असेल तर कर्नलला ठिगळ लावण्याच्या मार्गाऐवजी आरएसयूएसबी हा पर्याय निवडून ते बांधावे, आणि कॅमेऱ्यातील फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतच बसवलेले सॉफ्टवेअर, त्या आवृत्तीने सुचवलेलेच ठेवावे. जुने मॉडेल मिळत असेल तर लिबरिअलसेन्सच्या चालू आवृत्तीला ते अजून मान्य आहे का, हे पैसे देण्यापूर्वी वाचावे.

आणि कोनांत थोडीफार चूक चालणार असेल, तर डेप्थ कॅमेऱ्याचा, म्हणजे अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याचा, आग्रह सोडून मीडियापाइप या ग्रंथालयाचा विचार जरूर करावा. ते साध्या वेबकॅमच्या प्रतिमेवरून शरीरावरचे ३३ बिंदू देते, आणि वेबकॅमला ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वसाधारण ड्रायव्हर पुरत असल्याने वर लिहिलेल्या अडचणींपैकी बहुतेक उद्भवतच नाहीत. प्रत्यक्ष अंतर मीटरमध्ये हवे असेल, तिथे मात्र ते डेप्थ कॅमेऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

सगळे थर एकदा जुळले की त्यांची नोंद करावी: कॅमेऱ्याचा मॉडेल क्रमांक, कोणते पोर्ट, यूएसबी कंट्रोलर कोणाचा, ऑपरेटिंग सिस्टिमची बांधणी, ड्रायव्हर, एसडीके, फर्मवेअर, पायथॉन आणि प्रत्येक ग्रंथालय यांच्या आवृत्त्या. एसडीकेचे इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवावेत, कारण बंद पडलेल्या उत्पादनाचे दुवे कधीही नाहीसे होतात. २०१३ मध्ये अ‍ॅपलने प्राइमसेन्स ही पहिल्या किनेक्टचे अंतर मोजण्याचे तंत्र पुरवणारी कंपनी घेतल्यानंतर २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएनआय या अशा कॅमेऱ्यांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरचे संकेतस्थळ बंद झाले आणि त्यावर अवलंबून असलेल्यांना प्रतींसाठी इतरत्र शोधावे लागले. सादरीकरणाच्या आधीचा आठवडाभर विंडोजचे अपडेट थांबवून ठेवावेत आणि ज्या संगणकावर प्रकल्प दाखवायचा आहे त्यावर, त्याच पोर्टमध्ये, त्याच केबलने, संपूर्ण प्रोग्रॅम एकदा चालवून घ्यावा.